उरला एक रणधीर

"ही बाई रडतेय?" अण्णासाहेबांनी ओलं प्रूफ माझ्या नाकासमोर धरलं. "दत्तोबा, ही बाई रडतेय असं तुम्ही लिहिलंय. मला तर ती कुणाची तरी बखोटी धरायला निघालेली दिसते."

मी पाहिलं. मागे पेटलेलं गाव, धुराचे लोट, आणि पुढे नऊवारीचा काष्टा कसलेली बाई. उजवा पाय रोवलेला. एक हात मांडीवर थाप मारायला उचललेला. मान अशी की तिच्यावर जू ठेवावं आणि बैल घरी पाठवून द्यावा. तिच्या तोंडातून निघालेल्या फुग्यात माझे शब्द होते : 'धावा हो धावा! अबलेला वाचवा!'

"रडतेय," मी म्हणालो. "आतल्या आत."

"आणि हा मागं काडीसारखा कोण उभा आहे?"

"तो नायक. रणधीर. जगात उरलेला शेवटचा पुरुष."

अण्णासाहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला. एकदा चित्राकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, पुन्हा चित्राकडे. "गुलाबनं ह्याला तुमचे कान काढलेत," ते म्हणाले.

कान माझेच होते. गळाही माझाच, घाटीसकट.

ही माणूस चंद्रावर जाऊन आला त्याच्या आसपासची गोष्ट. सांगलीच्या हळद बाजारामागच्या बोळात अण्णासाहेब उपाध्यांचा छापखाना होता, आणि त्यातून 'भिंगरी' नावाचं साप्ताहिक निघायचं. हळद इतकी उडायची की आमचे शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची अक्षरं, लग्नाच्या नवरीसारखे पिवळे पडलेले असत. त्या काळात 'भिंगरी' वाचून काविळीची शंका येऊन माणसं वैद्याकडे गेलेली मी स्वतः पाहिली आहेत. मी तिथं खिळे जुळवायचो आणि उरलेल्या वेळात मजकूर लिहायचो. एकदा अण्णासाहेब म्हणाले, काहीतरी नवं काढा, अंक थंड चाललाय. मी म्हणालो, जग बुडवू. ते म्हणाले, बुडवा, पण शेवटच्या पानावर. पुढच्या पानांवर जाहिराती असतात.

अशी सुरू झाली चित्रकथा 'उरला एक रणधीर'. एक धूमकेतू पृथ्वीला शेपूट लावून जातो आणि त्याचा निळा धूर खाली उतरतो. गावोगावचे पुरुष चावडीवर माना वर करून धूमकेतू बघत बसलेले, ते एका दमात खलास. बायका वाचतात, कारण एकतर त्यांना बघायला सवड नव्हती, आणि दुसरं म्हणजे धूर ही वस्तू त्यांच्या छातीला नवी नव्हती. पुरुषांत एकटा रणधीर उरतो. तो त्या वेळी हरिपूरला हळदीच्या पेवात असतो. हरिपूरची पेवं म्हणजे हळद साठवायची जमिनीखालची कोठारं, दहा-वीस हात खोल.

"पेवात हवा नसते," अण्णासाहेब म्हणाले होते. "आत सोडलेला कंदील विझतो. तुमचा रणधीर आधी मरेल."

"जिथं हवा शिरत नाही, तिथं धूमकेतूचा धूर कसा शिरेल?" मी म्हणालो.

अण्णासाहेबांनी चष्मा काढून पुसला. असा युक्तिवाद त्यांनी उभ्या आयुष्यात ऐकला नव्हता. मीही नव्हता.

चित्रं गुलाब मुजावर काढायचा. गुलाब पेंटर म्हणजे कुस्त्यांच्या मैदानांचे फलक रंगवणारा माणूस. त्यानं रंगवलेल्या पैलवानाच्या शेजारून जाताना म्हशी बुजायच्या. पण त्याची एक खोड होती. मनानं त्याला काही काढता यायचं नाही. "समोर असलं तर काढतो दत्तू," तो म्हणायचा. "समोर नसलं तर माझा हात हलत नाही." रणधीर काढायच्या दिवशी सगळे पैलवान कुठल्याशा जत्रेला गेले होते आणि समोर मी होतो. म्हणून जगातल्या शेवटच्या पुरुषाला माझे कान मिळाले.

पण बायका त्यानं कुणाला समोर बसवून काढल्या, हे मी विचारलं नाही. गावानं मात्र आपलं आपण ठरवून टाकलं. गुलाब सदा केरबा वस्तादांच्या तालमीत पडीक असायचा. तेव्हा तो पैलवानांना लुगडी नेसवून काढतो, असं बाजारात सुरू झालं. एकानं तर अमका पैलवान नथ घालून बसलेला पाहिल्याची शपथ घेतली. त्या थापेत माझा एक शब्दही नव्हता, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. थाप चांगली होती.

तर ते पहिलं प्रूफ. चित्र बदलायची सोय नव्हती. चित्राचा जस्ताचा ब्लॉक कोल्हापूरहून यायचा. आला तसा वापरायचा. फुग्याची जागा तेवढी ब्लॉकात कोरून मोकळी ठेवलेली असायची आणि तिच्यात आम्ही खिळे बसवायचो. म्हणजे बाई बदलता येत नव्हती. बाईचं बोलणं बदलता येत होतं.

मी फुग्यातून 'धावा हो धावा' काढलं. बाईकडे पाहिलं. ही काय बोलेल? मागं उभा असलेला काडी रणधीर पुढं येऊन काहीतरी मर्दुमकी करणार, असा त्याचा आव होता. मी खिळे जुळवले : 'बाजूला हो. मी बघते.'

अण्णासाहेबांनी वाचलं आणि ते इतके हसले की त्यांची कवळी खिळ्यांच्या खणात पडली. 'ळ'च्या खणात. पुढचे दोन अंक आमचा 'ळ' हसरा छापला गेला.

त्या दिवसापासून माझ्या कथेची सूत्रं माझ्या हातात राहिली नाहीत. मी लिहावं, रणधीर बाईला आगीतून उचलून आणतो. गुलाबचं चित्र यावं, बाईच्या एका काखेत रेडकू आणि दुसऱ्या काखेत रणधीर. मी लिहावं, तीच काष्टेवाली बाई, आता बायकांची सरदारीण, रणधीरच्या पायाशी बसून सल्ला मागते. चित्रात ती रेल्वेच्या इंजिनाला खांदा देऊन उभी. मग मी मुकाट्यानं चित्राप्रमाणे शब्द बदलायचो. त्या सरदारणीला मी 'बाजूला हो, मी बघते' हे पालुपदच देऊन टाकलं. आणि अंकानं उचल खाल्ली! हळदीच्या वखारीतल्या बायका जेवणाच्या सुट्टीत गोल करून बसायच्या, एकजण मोठ्यानं वाचायची. पिठाच्या गिरणीत, नळावर, सगळीकडे बायका नवऱ्यांना म्हणायला लागल्या, बाजूला व्हा, मी बघते.

तिथंच बिनसलं. नवऱ्यांपैकी एक नानासाहेब टिकेकर होते.

नानासाहेब म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक आणि सुविचार मंडळाचे अध्यक्ष. जिल्ह्यातली निम्मी वाचनालयं त्यांच्या शब्दात. एका दुपारी अंक मशीनवर चढायच्या वेळेला ते छापखान्यात आले आणि छत्री टेबलावर आडवी ठेवून बसले.

"संपादक महाशय," ते म्हणाले, "पुरुषांना लुगडी नेसवून त्यांची चित्रं तुम्ही आमच्या आयाबहिणींची म्हणून छापता. याला काय म्हणायचं?"

"अहो, गंमत..."

"गंमत नाही. विटंबना आहे. असे दंड, अशी मान, अशा पोटऱ्या असलेली एक बाई मला दाखवा. सबंध जिल्ह्यात एक दाखवा, मी माझा शब्द मागे घेतो. नाहीतर पुढल्या अंकापासून एकही वाचनालय 'भिंगरी' घेणार नाही."

गुलाब कोपऱ्यात स्टुलावर बसला होता, पुढच्या अंकाचं चित्र मांडीवर घेऊन. सगळे त्याच्याकडे वळले.

"गुलाब," अण्णासाहेब म्हणाले, "समोर कोण असतं? पैलवान?"

गुलाबनं मान खाली घालून ब्रश हातात घेतला.

"अरे, बोल की!" मी पुटपुटलो. "मनानं काढल्या म्हण. ह्यांना काय कळतंय!"

"मनानं मला येत नाही, दत्तू. गावाला ठाऊक आहे."

"मग कोण असतं ते सांग."

त्यानं ब्रशाचे केस बोटांनी सारखे केले. "नाही सांगता यायचं," तो म्हणाला.

अण्णासाहेबांचा जीव खालीवर झाला. वाईट माणूस नव्हता तो; पण वाचनालयं गेली असती तर 'भिंगरी' संपली असती. त्यांनी मला खिळे घ्यायला सांगितले आणि उभ्याउभ्या मजकूर सांगितला. 'आमचे चित्रकार श्री. गुलाब मुजावर यांस स्त्रीची आकृती काढता येत नसल्याने वाचकांच्या भावना दुखावल्या. याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. पुढील अंकापासून ही चित्रकथा पुण्याचे नामवंत चित्रकार सजवतील.'

मी जुळवायला लागलो. गुलाबचं पोट पाट्यांवर, देवादिकांच्या तसबिरींवर, लग्नाच्या मांडवातल्या सरस्वतीवर चालायचं. 'काढता येत नाही' असं एकदा छापून गावभर गेलं की त्याला कोण बोलावणार? मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं मान हलवली, जुळव म्हणाला.

मजकूर पानात बसला. चार पानं लोखंडी चौकटीत पाचरी ठोकून आवळली. याला छापखान्यात फर्मा म्हणतात. सगळं शिसं आणि जस्त. दोन धट्टीकट्टी माणसं दोन बाजूंनी धरतात तेव्हा तो हलतो, आणि जरा तिरका झाला तर हजारो खिळे भुईवर सांडून त्यांची खिचडी होते.

"उचला फर्मा," अण्णासाहेब म्हणाले. मशीनवरचे दोघे वाकले.

"बाजूला व्हा. मी बघते."

आवाज दारातून आला. माझ्या अंगावर काटा आला, कारण हे वाक्य मी लिहिलं होतं आणि जिच्या तोंडी लिहिलं होतं तीच दारात उभी होती. तीच मान. तोच काष्टा. उजवा पाय उंबऱ्याच्या आत रोवलेला. फक्त फुगा तेवढा नव्हता. छापखान्याचं दार चांगलं रुंद होतं, कागदाची बैलगाडी आत यायची. त्या दिवशी ते मला बोळकांडीएवढं वाटलं. अतिशयोक्ती करत नाही. दुसरीकडे करतो, इथं नाही.

"गुलाबभाऊ," ती म्हणाली, "तालमीतली पोरं घरी येऊन ओरडायला लागलीत. त्यांनी लुगडी नेसली म्हणून गाव हसतंय आणि नानासाहेब तुमच्यावर तक्रार घेऊन इथं आलेत म्हणं. तुम्ही का बोलला न्हाई?"

"वस्तादांना शब्द दिलाय, हौसा," गुलाब खाली बघत म्हणाला.

तेवढ्यात तिच्यामागून धापा टाकत केरबा वस्ताद आले. पागोटं हातात. वस्तादांना दोन मुलगे. एक कंडक्टर झाला, दुसरा भजनाला पेटी वाजवायला लागला. अंगात कस उतरला तो धाकट्या लेकीच्या. तालमीच्या उंबऱ्याच्या आत बाईनं पाऊल टाकायचं नाही हा रिवाज; म्हणून वस्तादांनी घरामागच्या गोठ्यात चाळलेली लाल माती टाकली आणि पोरीकडून जोर-बैठका काढून घेतल्या. गोठ्याच्या भिंतीवर मारुती काढायला गेलेल्या गुलाबनं ते पाहिलं. वस्तादांनी त्याला एकच अट घातली होती, चित्र काढ पण नाव काढू नकोस. पोरीला स्थळं बघत होते. जोर मारणारी सून कोण करून घेणार? हे सगळं आम्हाला मागाहून कळलं. त्या घटकेला आम्हाला एवढंच दिसलं की वस्तादांच्या कपाळाची शीर उडतेय आणि ते लेकीकडे बघताहेत.

"हौसा!" ते म्हणाले. "घरला चल."

"चलते. एवढं ठेवून चलते."

ती फर्म्याशी गेली. मशीनवरचे दोघे कधीच भिंतीला लागले होते. तिनं चौकटीच्या दोन्ही कडा धरल्या आणि ओढून बघितलं. फर्मा जागचा हलला नाही. नानासाहेबांनी छत्री उचलून मांडीवर घेतली. "वस्ताद, मुलीला आवरा," ते म्हणाले. "काहीतरी होऊन बसेल."

वस्ताद पुढं आले. मला वाटलं, हाताला धरून ओढत नेतात. ते तिच्या शेजारी उभे राहिले, तिच्या पायांकडे पाहिलं, आणि त्यांचा आवाज एकदम बदलला. तालमीतला झाला.

"पाय फाकव," ते म्हणाले. "आणखी. पाठीनं उचलू नगंस. कंबर बसव. हां. श्वास धर. आता उचल."

फर्मा उठला.

आडवा, पाण्याच्या परातीसारखा सपाट. हौसानं तो छातीशी घेतला आणि वळली. मैदान मारलेला पैलवान प्रेक्षकांना दिसावा म्हणून सबंध मैदानाला फेरी मारतो. तशी हौसा ती चार पानं घेऊन छापखानाभर फिरली. खिळ्यांच्या खणांवरून, मशीनला वळसा घालून, गुलाबच्या स्टुलासमोरून. तिथं ती जरा थांबली. वस्ताद तिच्या मागोमाग चालत होते. हात पुढं केलेले, पण लावलेले नाहीत.

"कुठं ठेवू?" तिनं विचारलं.

मग ती नानासाहेबांच्या पुढ्यात गेली आणि फर्मा त्यांच्या टेबलावर इतका अलगद ठेवला, की बशीतला चहाचा कप नुसता शहारला.

"खिळे सांडले असतील," नानासाहेब बारीक आवाजात म्हणाले.

मी पाहिलं. एकही हलला नव्हता. अनुस्वारसुद्धा जागेवर होते.

नानासाहेबांबद्दल मी पुढे पुष्कळ गोष्टी रचल्या, पण ही रचलेली नाही : त्यांनी तिच्या दंडांकडे पाहिलं, मग गुलाबच्या मांडीवरच्या चित्राकडे पाहिलं, आणि उठून उभे राहिले. "मुजावर," ते म्हणाले, "हुबेहूब आहे हो." मग तिच्याकडे वळले. "नाव काय बाळ तुझं?"

"हौसा केरबा चव्हाण," ती म्हणाली. रस्त्यावर ऐकू गेलं.

अण्णासाहेबांनी मला हाक मारली. "दत्तोबा, ती दिलगिरी काढा. त्या जागी काय घालायचं?"

"नाव घाला," वस्ताद म्हणाले.

"वस्ताद," अण्णासाहेब हळूच म्हणाले, "स्थळं बघताय म्हणे. छापून गेलं की गावभर होईल."

वस्तादांनी पागोटं डोक्यावर ठेवलं. लेकीकडे पाहिलं. ती पदराच्या टोकानं तळव्याची शाई पुसत होती.

"होऊ दे," ते म्हणाले. "जो वाचून येईल तोच खरा."

मी पाचरी सैल केल्या, दिलगिरी बाहेर काढली आणि त्या जागी खिळे जुळवायला लागलो. 'या कथेतील सरदारणीचे रूप : कुमारी हौसा केरबा चव्हाण, सांगली. समोर बसवून चित्रे काढणारे : गुलाब मुजावर.' ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. माझ्या कानांकडे टक लावून पाहत होती.

"पेवातनं निघालेले ते तुम्हीच की," ती म्हणाली.

"हो."

"आणि 'बाजूला हो, मी बघते' हे फुग्यात कुणी घातलं? मी घरी तसंच बोलते. गुलाबभाऊनं सांगितलं व्हय?"

"कुणी नाही," मी म्हणालो. "चित्र बघून वाटलं, ही असंच बोलत असणार."

फर्मा उचलताना चेहऱ्यावर आला नव्हता एवढा लाल रंग तिच्या चेहऱ्यावर आला. कदाचित हळद असेल.

वस्ताद म्हणाले होते, जो वाचून येईल तोच खरा. अंक बाजारात जायला अजून रात्र होती. ते खिळे मी जुळवले होते. सबंध सांगलीत ते सगळ्यांत आधी मीच वाचले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी, अंक वाटायला जाणाऱ्या सायकली बोळातून निघायच्या आत, मी वस्तादांच्या गोठ्याच्या दारात उभा होतो. आत शाईचा वास अजून न गेलेली ती आणि गुलाबचा मारुती. वस्तादांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. खालपर्यंत जायला त्यांना फार वेळ लागला नाही.

"ह्यो?" त्यांनी लेकीला विचारलं.

"जगात एवढाच उरलाय बाबा," हौसा म्हणाली.

'उरला एक रणधीर' आणखी पुष्कळ चालली. शेवटच्या अंकात धरण फुटायला येतं आणि अडकलेला दरवाजा उचलायचा असतो. अण्णासाहेब म्हणाले, निदान हे तरी रणधीरला करू द्या. मी म्हणालो, गुलाबला विचारा. गुलाबनं काढलं ते असं : सरदारणीनं दरवाजा डोक्यावर घेतलेला, कृष्णा तिच्या पायांमधून वाहतेय, आणि बाजूला जगातला शेवटचा पुरुष, कान ताठ, छाती पुढं, कंदील धरून उभा. इतक्या ऐटीत कंदील धरलेला माणूस मी कुठल्याच चित्रात पाहिलेला नाही. तो ब्लॉक आमच्या घरी आहे. दारं वाऱ्यानं आपटू नयेत म्हणून हौसा तो दाराला लावते.

गेल्या आठवड्यात गॅस संपला. भरलेला सिलिंडर ओट्याखाली कोपऱ्यात सरकवायचा होता. मी पुढं झालो, वाकलो, आणि आता दोघांचं मिळून वय किती याचा मनात हिशेब करत होतो, तेवढ्यात खांद्यावर हात आला.

"बाजूला व्हा. मी बघते."

तिनं पाय फाकवले. कंबर बसवली. श्वास धरला.

मी टॉर्च लावला, आणि छाती पुढं काढून उभा राहिलो.